शनिवारचा दहावा माणूस

माझा स्वभाव तिखट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी बोलायला नको. आमच्या घरात तिघांच्याही नाकावर राग. थोरली मी, मग मधला, मग धाकटा. आईवडील लवकर गेले, दोघांना मीच वाढवलं, तेव्हा तो राग त्यांनी माझ्याकडूनच उचलला असणार. मधला वेल्डर आहे, बायकोमुलांना घेऊन वेगळा राहतो. धाकटा लिफ्टच्या कंपनीत होता. त्याने लग्न केलं नाही, माझ्याजवळच राहायचा. सात आठवड्यांपूर्वी एका रविवारी तो लिफ्टखाली सापडून गेला. एकतीस वर्षांचा होता.

मी एका प्रार्थनेच्या हॉलची देखभाल करते. एक लांब खोली, बारा बाकं, मागे छोटं स्वयंपाकघर, त्याला मागचं दार. पुढच्या दाराला चार पायऱ्या, आणि पायऱ्या उतरलं की गल्ली. गल्ली पुढे बंद आहे, त्यामुळे वाट चुकलेल्याशिवाय कुणी येत नाही. हॉल दोघांनी मिळून भाड्याने घेतलाय. शनिवारी ज्यू लोक येतात, त्यांचा शब्बाथ असतो. रविवारी आम्ही ख्रिस्ती, आमची भक्ती असते. त्यांचं पवित्र कपाट एका भिंतीला, आमचा क्रूस समोरच्या भिंतीला. एकाचा दिवस असला की दुसऱ्यापुढे पडदा ओढायचा आणि बाकं उलटी फिरवायची. शनिवारी देव पश्चिमेला, रविवारी पूर्वेला, आणि मधली बारा बाकं माझ्या कमरेला. अकरा वर्षं झाली, अजून कुणी चाकं लावून दिलेली नाहीत.

शनिवारची मंडळी म्हातारी. त्या दिवशी ती काही म्हणजे काही काम करत नाहीत. दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही, लिहायचं नाही, फोन नाही, पैशाला हात नाही. म्हणून शुक्रवारी दुपारीच मी सगळे दिवे लावून ठेवते, चहाची किटली विजेच्या शेगडीवर ठेवते. एखादा दिवा मध्येच गेला तर मला "लाव" असं सांगायचीही त्यांना मुभा नाही. स्वतः करायचं नाही ते दुसऱ्याला सांगून करून घ्यायचं नाही, असा नियम. मग ते माझ्याकडे न बघता म्हणतात, "आज जरा अंधारून आलंय." किंवा, "चहा निवला वाटतं." पहिल्या वर्षी मी फटकन बोलले होते, अंधारलंय तर बटण दाबा की, हात मोडलेत का. त्यावर त्यांच्यातले घड्याळवाले आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी मला बसवून सगळं समजावलं. देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी थांबला, तेव्हा आपणही थांबायचं. मालकाने थांबायचं, नोकराने थांबायचं, बैलाने थांबायचं, दारात आलेल्या परक्यानेही थांबायचं. मी म्हटलं, छान आहे. आणि मग उठून दिवा लावला.

घड्याळवाले आजोबा ब्याऐंशी वर्षांचे. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आता नातू मोबाईल विकतो तिथे. हॉलचा सगळा कारभार त्यांच्याकडे. मागच्या हिवाळ्यात त्यांची बायको गेली, आणि त्याच महिन्यात त्यांच्यातले पोस्टमास्तरही गेले. तेव्हापासून शनिवारी येणारे पुरुष नऊ उरले. इथे त्यांची मोठी अडचण झाली. काही प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणताच येत नाहीत. ग्रंथाची गुंडाळी कपाटातून काढायची तर दहा हवेत. मेलेल्या माणसासाठी म्हणायचं कद्दीश, त्यालाही दहा हवेत. आणि दहाही ज्यूच हवेत. तेव्हा नऊ जण बसायचे, दाराकडे बघायचे, तासाभराने सुस्कारा टाकून जेवढं म्हणता येईल तेवढं म्हणायचे. आजोबांना बायकोसाठी एकदाही कद्दीश म्हणता आलं नव्हतं. ते बोलून दाखवत नसत, पण दार वाजलं की सगळ्यात आधी मान त्यांचीच वळायची.

हे सगळं सांगायचं कारण, मागच्या शनिवारी दहावा माणूस आला.

मी मागे स्वयंपाकघरात कप विसळत होते. आत एकदम गलबला झाला. खुर्ची सरकली, कुणी "या, या" म्हणालं. मी स्वयंपाकघराच्या दाराला लावलेल्या पडद्याआडून ऐकलं. दारात कुणी परका उभा होता. आजोबांनी त्याला विचारलं, तुम्ही आपल्यातले ना. तो हो म्हणाला असावा, नाहीतर त्याने नुसती मान हलवली असावी. नऊ महिने वाट बघून थकलेल्या माणसांना मान हलली तेवढं पुरलं. एकाने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, दुसऱ्याने पांढरी शाल डोक्यावरून पांघरली, तिसऱ्याने हातात पुस्तक दिलं. दोन भाऊ आहेत त्यांच्यात, वडिलांच्या घरावरून वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत पण बसतात एकाच बाकावर. त्या दोघांनी सरकून मधे त्याला जागा करून दिली. कपाट उघडलं. गुंडाळी बाहेर निघाली. इतक्या महिन्यांनी त्या म्हाताऱ्यांचे आवाज असे चढले की मलाही बरं वाटलं. चला, आजोबांचं काम झालं, असं म्हणून मी परत कपांकडे वळले.

पंधरावीस मिनिटांनी मागचं दार वाजलं. दारात मधला. अंत्यविधीनंतर तो माझ्याकडे आलेला नव्हता. मी फोन केला की बायको उचलायची, म्हणायची, ते बाहेर गेलेत. मला वाटायचं, दुःखात आहे, सावरेल. तो दारात उभा होता, दाढी वाढलेली, खांद्याला कामाची पिशवी, आणि पिशवीतून पाइप फिरवायच्या मोठ्या पान्याची मूठ बाहेर आलेली. ये म्हटलं तर आला नाही.

तो म्हणाला, लिफ्टवाला या गल्लीत शिरलाय.

लिफ्टवाला म्हणजे धाकट्याचा जोडीदार. त्या रविवारी धाकटा खाली खड्ड्यात उतरून ग्रीस लावत होता आणि हा वर मशीनच्या खोलीत होता. वीज जोडण्याआधी खाली हाक मारायची आणि उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. याने वीज जोडली. लिफ्ट खाली आली. पोलिसांनी त्याला धरलं, दहा दिवसांनी जामिनावर सोडलं. पोलीस ठाण्यात मी त्याला एकदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरं. मधला म्हणाला, तो जामिनावर सुटल्यापासून मी त्याच्या मागावर आहे, आज तो बसमधून उतरताना दिसला, मी धावलो, तोही धावला, कोपरा वळला आणि दिसेनासा झाला. गल्ली पुढे बंद. मग गेला कुठे?

मला कळायला वेळ लागला नाही. मी म्हटलं, थांब, बघते. पडदा बाजूला केला.

दहा शाली. सगळ्यांच्या डोक्यावरून ओढलेल्या, चेहरे दिसत नव्हते. पण खाली पाय दिसत होते. नऊ जोड काळे, पॉलिश केलेले म्हाताऱ्यांचे बूट. आणि त्या दोन भावांच्या मधे पिवळ्या टोकाचे कंपनीचे बूट. तसलाच एक जोड अजून माझ्या दारात आहे, मला उचलवत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात आलं, पुढे जावं, ती शाल खेचून काढावी आणि म्हणावं, बघा तुमचा दहावा. पण त्याच वेळी आजोबा उभे राहिले. हातात पुस्तक होतं, ते त्याकडे बघत नव्हते. ते कद्दीश म्हणायला लागले. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. आवाज मात्र कळत होता. ब्याऐंशी वर्षांचा माणूस बायकोसाठी म्हणत होता, आणि बाकीचे मधूनमधून त्याला दुजोरा देत होते. माझा भाऊ गेल्यावर माझ्यासाठी असं कुणी उभं राहिलं नव्हतं. पाळकांनी चांगलं प्रवचन केलं, लोक जेवून गेले, संपलं. मी त्या पडद्याला धरून उभी राहिले, आणि माझ्याच्याने त्यांना मध्येच तोडवेना.

परत येऊन मी मधल्याला म्हटलं, आत नुसते म्हातारे आहेत.

त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, बरं. तो निघून जाईल असं वाटलं, पण तो वळसा घालून पुढच्या दारी गेला आणि पायऱ्यांवर ठाण मांडून बसला. गल्लीतून बाहेर पडायला दुसरी वाट नाही. मागच्या दाराबाहेरचं अंगणही फिरून गल्लीतच निघतं. तो मूर्ख नाही, माझाच भाऊ आहे.

प्रार्थना संपली. सगळे एकमेकांचे हात हातात घेत होते, त्या परक्याची पाठ थोपटत होते. तेव्हा मी आत गेले. आवाज चढवला नाही, एवढं माझ्या खाती लिहा. मी म्हटलं, आजोबा, हा तुमच्यातला नाही. हा तो लिफ्टवाला आहे, माझ्या भावाचा जोडीदार.

लिफ्टवाल्याने शाल काढली, नीट घडी केली, बाकावर ठेवली. चाळिशीचा असेल, केस विरळ झालेले, गालफडं बसलेली. तो आजोबांना म्हणाला, चूक झाली, मी घाबरलो होतो, तुम्ही विचारलंत तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही. चष्म्याच्या दुकानाचे एक गृहस्थ आहेत, ते चिडले. म्हणाले, म्हणजे आपण नऊच होतो, सगळं फुकट गेलं. आजोबा खाली बसले. त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझीच लाज वाटली, दहा मिनिटं उशिरा बोलले असते तर काय बिघडलं असतं. मग ते म्हणाले, "देवाला मोजता येतं. त्याने मला मधे थांबवलं नाही. का नाही, ते त्यालाच विचारा." आणि विषय संपवला.

एकेक करून बाकीचे घरी गेले. पायऱ्यांवरचा मधला प्रत्येकाचं तोंड निरखून बघत होता. आजोबा थांबले. लिफ्टवाला मागच्या बाकावर, हात गुडघ्यांत धरून. मी कमरेवर हात ठेवून मधे उभी. काय करावं सुचत नव्हतं, म्हणून मी झाडू घेतला.

आजोबांनीच सुरुवात केली. मला नव्हे, त्याला सांगत असल्यासारखं. जुन्या काळी देवाने सहा गावं नेमून द्यायला लावली होती. ज्याच्या हातून नकळत माणूस मरेल त्याने तिथे पळून जायचं. मेलेल्याचा भाऊबंद मागे लागला तरी त्या गावात त्याला हात लावता येत नसे. त्या गावांकडे जाणारे रस्ते रुंद ठेवत, चौकाचौकात पाट्या लावत, म्हणजे धावणाऱ्याला वाट विचारत बसायला नको.

मी झाडू टाकला. म्हटलं, "आणि मेलेल्याच्या बहिणीने कुठे पळायचं, आजोबा? तिच्यासाठी एखादं गाव नेमलंय का?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते लिहिलेलं नाही."

खोटं बोलले नाहीत म्हणून मला त्यांचा राग आला नाही. मी लिफ्टवाल्याकडे वळले. विचारलं, हाक मारली होतीस का नाही, तेवढं सांग. पोलिसांना काय सांगितलंस ते नको. तो म्हणाला, आठवत नाही. सलग एकोणीस दिवस कामावर होतो, एक सुट्टी नाही. रोज दहा वेळा हाक मारतो, त्या दिवशीची हाक त्यातून वेगळी काढता येत नाही. रात्रंदिवस तेच आठवतो. कधी वाटतं मारली, कधी वाटतं नाही मारली. म्हणाला, मारली नाही असं नक्की कळलं तरी बरं होईल. मग आपणहून म्हणाला, तोही तेरा दिवस सुट्टीशिवाय होता. सकाळी आला तेव्हा हसत होता, म्हणाला, आज ताईने घराबाहेर काढलं.

मी तिथेच बाकाच्या कडेला टेकले.

कारण हे खरं होतं. त्या रविवारी सकाळी धाकटा माझ्या टेबलाशी बसला होता, आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून. कंपनीचा फोन आला तर त्याने कापला. म्हणाला, आज जात नाही, देवाचा वार आहे, मेलो तरी जात नाही. तुझ्याबरोबर हॉलवर येतो, बाकं फिरवू लागतो. आणि मी, तिखट जिभेची, मी म्हटलं, रविवार काय तुझ्या एकट्याला आलाय का? मी सातही दिवस राबते, मला कोण रविवार देतं? नोकरी गेली तर तुला बसवून मी घालणार नाही. उठ. तो उठला. मला वाईट वाटू नये म्हणून चिडवून गेला. सात आठवडे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मधल्याला तर नाहीच. तो जोडीदाराच्या मागे फिरतोय हे सकाळी कळल्यावर माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटलं असेल, आता खोटं कशाला बोलू. याच्या मागे आहे तोवर माझ्याकडे कुणी बोट दाखवत नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमारास आमचे पाळक आले, दुसऱ्या दिवशीच्या गाण्यांचे कागद ठेवायला. पायऱ्यांवर मधला दिसला होता, आत येऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भला माणूस. लगेच म्हणाले, काही काळजी नाही. आकाशात तीन तारे दिसले की यांचा शब्बाथ संपतो, तिथून आमचा वार धरा. रात्री इथेच झोपू दे, उद्या दिवसभर भक्तीला बसू दे. देवाच्या घरात आलेल्याला बाहेर ओढायचं नाही, हे आमच्याकडेही जुन्यापासून आहे. आजोबांनी मान डोलावली. दोघं एकमेकांकडे असे बघत होते, जणू एकाने दुसऱ्याच्या हातात किल्ली दिली. मला मात्र तिडीक गेली.

मी म्हटलं, "आणि सोमवारी?"

शनिवार यांचा, रविवार त्यांचा, सोमवार कुणाचाच नव्हता. सोमवारी हॉलला कुलूप असतं, आणि मधला सोमवारीही पायऱ्यांवर असणार. त्याच्या हातून खून झाला की दोन मुलं बापाविना, बायको वाऱ्यावर, आणि एक भाऊ मातीत तर दुसरा तुरुंगात. पाळक म्हणाले, पोलिसांना कळवू. लिफ्टवाला म्हणाला, दोनदा जाऊन आलो, ते म्हणतात, काही घडलं तर या. आजोबा म्हणाले की कुणाचा जीव जायची वेळ आली तर शब्बाथ मोडायचा असतो, मोडलाच पाहिजे, तेव्हा ते स्वतः फोन उचलतील. पण पोलीस आले तर पान्यासकट माझ्या भावालाच नेतील.

मग आजोबा उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, अकरा वर्षं आम्ही वाचतोय की दारातल्या परक्यानेही थांबावं, आणि अकरा वर्षं तुमच्याकडून दिवे लावून घेतोय. त्याबद्दल मी नंतर बोलेन. आज आडून सांगत नाही, सरळ मागतो. तुम्ही जाऊन भावाशी बोला. तुमच्याशिवाय त्याच्याजवळ बसू शकेल असं इथे कुणी नाही."

मी काय बोलणार होते? एकच गोष्ट होती माझ्याजवळ, आणि ती सांगितली की हा उरलेला भाऊही हातचा जाणार. अंत्यविधीपासून तो माझ्या दारात आला नव्हता. हे ऐकल्यावर कधीच येणार नाही. असं वाटलं की मागच्या दाराने घरी निघून जावं आणि काय व्हायचं ते होऊ दे. लिफ्टवाल्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, त्याने काही मागितलंही नाही. मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, मी मला ओळखते.

मी पुढचं दार उघडून बाहेर गेले, ते मागे ओढून घेतलं आणि मधल्याच्या शेजारी पायरीवर बसले. ऊन कलायला लागलं होतं. पाना त्याच्या मांडीवर होता, हात त्याच्यावर.

मी म्हटलं, "तो आत आहे. सकाळी मी खोटं बोलले."

"माहीत आहे. तुला खोटं बोलता येत नाही."

"मग आत का नाही आलास?"

तो म्हणाला, म्हातारा रडत होता, दारातून ऐकू येत होतं. म्हटलं, होऊ दे त्याचं.

मग विचार केला की आता नाही बोलले तर आयुष्यात बोलणार नाही. म्हटलं, "त्या दिवशी धाकटा जात नव्हता. मी पाठवलं त्याला. बोलून बोलून पाठवलं."

मधला समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मला वाटलं, उठेल, किंवा ओरडेल. आमच्या घरात ओरडूनच बोलतात. तो हळूच म्हणाला, "ठाऊक आहे मला, ताई. त्याने बसमधून फोन केला होता. हसत होता. म्हणाला, थोरलीने पिटाळलं, रविवार काय तुला एकट्याला आलाय का म्हणते."

सात आठवडे. पहिल्या दिवसापासून याला माहीत होतं. मी काय लपवत होते आणि कुणापासून?

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस? माझ्याकडे आला का नाहीस?"

त्याने पाना पायरीवर ठेवला. दोन्ही हातांनी तोंड चोळलं. म्हणाला, "कसा येऊ? तुझ्याकडे आलो असतो तर तुला बोललो असतो. तू आम्हाला वाढवलंस. मला कुणावर तरी राग काढायचा होता, ताई. तुझ्यावर नव्हता काढायचा. म्हणून याला धरला. रोज सकाळी उठून याच्या मागे गेलो, म्हणजे तुझ्या दारात जायला नको."

मी रडले. गल्लीतल्या पायरीवर, उघड्यावर, पदर लावून. एवढ्या आठवड्यांत नीट रडले नव्हते. तोही रडला, तोंड फिरवून. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग तो नाक ओढत म्हणाला, "त्याला सांग, जा म्हणावं. मी बघणार नाही."

मी उठून दार उघडलं. आत काही सांगायची गरज नव्हती, तिघंही दाराशीच उभे होते. आजोबा लिफ्टवाल्याच्या बरोबर निघाले, त्याच्या दंडाला धरून, आता कोण कुणाला आधार देत होतं कोण जाणे. मधला भिंतीकडे तोंड करून बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली त्याची पाठ लाकडासारखी ताठ झाली होती. पिवळ्या टोकाचे बूट आमच्या शेजारून चार पायऱ्या उतरले, आणि उतरून थांबले. लिफ्टवाला काहीतरी बोलणार होता. आजोबांनी त्याला हलकेच पुढे ओढलं आणि ते दोघं गल्लीच्या टोकाकडे चालत गेले, म्हाताऱ्याच्या चालीने, अगदी सावकाश. मधला एकदाही वळला नाही. ते कोपऱ्यावरून दिसेनासे झाल्यावर मी हात काढला. मागे पाळक कधी आत गेले आणि दार कधी लोटलं, कळलं नाही.

आम्ही तसेच बसून राहिलो. मला उठायचं होतं, आत कप तसेच पडले होते, पण उठवेना.

बऱ्याच वेळाने मधल्याने विचारलं, "त्या दिवशी सकाळी त्याने काय खाल्लं होतं तुझ्याकडे?"

धाकटा गेल्यापासून त्याच्याबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं. सगळे लिफ्टबद्दल विचारायचे.

"दोन अंडी," मी म्हटलं. "आणि तिसरं माझ्या ताटातलं उचललं."

"आणि तू बोललीस त्याला."

"बोलले तर. बोलणारच."

तो हसला, आणि म्हणाला, अजून सांग. मग मी सांगत बसले.